पंधरा आणि पन्नासच्या मधली गाडी

जुनी मारुती 800 विकत घेऊन ती नीट करणे हा फायद्याचा सौदा नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेली दोन वर्षे माझी पांढरी गाडी बघून शाळेतले सहकारी, मोहल्ल्यातली मुले, लग्नात भेटणारे दूरचे नातेवाईक सगळे एकच विचारतात, "सर, स्वस्तात पडते ना? आम्हीही घ्यावी का?" पडत नाही. गाडी 1998 ची, एमएच-31, कार्बोरेटरवाली. 2023 च्या एप्रिलमध्ये 42 हजारांना घेतली. पत्रा, वेल्डिंग आणि रंगाला 38 हजार लागले. इंजिनाला साडेसतरा. ब्रेक आणि सस्पेन्शन 9,800, चार टायर 11,200, बॅटरी 3,600, वायरिंग 4,200, सीट कव्हर, दारांची रबरे, हँडले वगैरे किरकोळ मिळून 6 हजार. नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि विमा यांचे साडेदहा हजार. बेरीज 1 लाख 42 हजार 800. आज विकायला काढली तर 65-70 हजारांच्या वर कोणी बोलणार नाही.

म्हणजे निम्मे पैसे गेले. तरीही ज्याला झेपेल त्याने आयुष्यात एकदा हे करावे असे माझे मत आहे. गेलेल्या त्या सत्तर हजारांत मी काय घेतले ते सांगायला हा लेख.

आधी गाडीबद्दल थोडे, कारण विचारणाऱ्यांना ते हवे असते. पगारदार माणसाने हा शौक करायचा तर मारुती 800 च घ्यावी. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी दिसायला राजस आहेत, मलाही आवडतात. पण पद्मिनी 2000 च्या सुमारास बनायची थांबली, अँबेसेडर 2014 ला, आणि त्यांच्या एकेका पार्टसाठी गावोगाव फोन लावावे लागतात. मारुती 800 ची पहिली गाडी 14 डिसेंबर 1983 ला ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. तीस वर्षांत 25 लाखांहून जास्त गाड्या बनल्या. शिवाय तिचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन ओम्नी व्हॅनमध्येही होते, आणि ओम्नी 2019 पर्यंत बनत होती. त्यामुळे पिस्टन-रिंग, गॅस्केट, क्लचप्लेट आजही दुकानात सहज मिळते.

दुसरे म्हणजे गाडी कोरड्या मुलखातली घ्यावी. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते, क्लच गेला तर बदलता येतो, पण पत्रा गंजून गेला की खर्चाला अंत नाही. मुंबई-कोकणात खाऱ्या हवेने गाडीचा तळ सडतो, तसा विदर्भात सडत नाही. तरी खालची कार्पेट उचलून बघाच, दाराखालची पट्टी बोटाने दाबून बघा, आणि खिशात एक छोटे चुंबक ठेवा. रंगाखाली पुट्टी भरलेली असेल तिथे ते चिकटत नाही. आमच्याकडे गाडीचा खरा शत्रू ऊन. 45-46 अंशांत उभ्या राहिलेल्या गाडीची रबरे तडकतात, वायरींचे आवरण कडक होऊन तुटते, रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी टाकून टाकून क्षार बसतात. आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. कार्बोरेटरच्या जमान्यातली रबरे त्यासाठी बनलेली नव्हती. म्हणून पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरचे किट आधी बदलावे, रंगाचे नंतर बघावे. बहुतेक लोक उलटे करतात. कागदांत आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का ते पाहावे, आणि चेसिस नंबर स्वतः डोळ्यांनी वाचावा.

एवढे झाले की उरतो मिस्त्री. खरे तर सुरुवात तिथूनच करायला हवी. ओळखीचा चांगला मिस्त्री नसेल तर जुनी गाडी घेऊच नये.

माझे मिस्त्री बासष्ट वर्षांचे. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून नुसते चाचा. गॅरेज मोमिनपुऱ्यापासून फार लांब नाही. सहावीत शाळा सुटली, तेव्हापासून हातात पाना. उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडेपर्यंत, मी रोज सकाळी सात ते अकरा त्यांच्याकडे बसायचो. बसायचो म्हणजे नट धुवायचो, दिवा धरायचो आणि प्रश्न विचारायचो. अकरानंतर पत्र्याला हात लावता येत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी इंजिन उघडलेच नाही. चालू करायला लावले, लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. जागा बदलून तेच चार-पाचदा. मग तिन्ही प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. एक विटकरी, एक विटकरी, तिसरा काळाकुट्ट तेलकट. "मास्टर साब, दो पास, एक फेल," म्हणाले. तेल कुठून येते हे आत न बघता त्यांनी सांगितले, आणि इंजिन उघडल्यावर तिथेच निघाले. व्हॉल्व्ह घासून झाल्यावर हेड उलटे ठेवून त्यांनी पोर्टमध्ये पेट्रोल ओतले आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत एका व्हॉल्व्हच्या कडेला ओल दिसली. तो पुन्हा घासायला घेतला. मला ती ओल दाखवल्याशिवाय दिसली नसती.

आणखी एक गोष्ट. नागपुरात पुष्कळ मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. इतक्या उन्हात त्याचे काम काय, असे म्हणतात. चाचांनी नवा आणून बसवला. त्यांचे म्हणणे असे की इंजिनाला ठरावीक गरमी लागतेच. ती मिळाली नाही तर तेल पातळ होत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि भाग झिजतात. उन्हाचा त्रास रेडिएटर साफ ठेवून आणि कूलंट टाकून मिटवायचा. पुस्तकात हेच लिहिलेले आहे. चाचांनी पुस्तक वाचलेले नाही.

मी बी.एड. केले तेव्हा मूल्यमापनाचा एक पेपर होता. आधी निदान, मग उपाय, मग पुन्हा चाचणी, आणि चाचणीत कमी पडले तर परत उपाय. वर्गात चाळीस मिनिटांच्या तासात हे नीट करणारे शिक्षक मी मोजके पाहिले आहेत. एका गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली, हे रोज होताना पाहिले.

शब्दांचा मास्तर असल्याने कान दुसरीकडेही असतो. गॅरेजमधली भाषा ऐकून मला मजा वाटायची. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, चावीही पोर्तुगीजांकडूनच. कारागीर, हुन्नर, दुरुस्ती फारसीतून मराठीत आले आणि घरचे झाले. जुन्या मराठी कागदांत 'मरामत' सापडते, तो अरबी. चाचा पोराला म्हणतात, "बारा का पाना ला, वो बुश का माप ले, और देख चूडी मारी तो नहीं." या एका वाक्यात किती मुलुख आले ते मोजत बसलो की ते ओरडतात, "मास्टर साब, दिवा इकडे." हो, मराठीत. चाचा वैतागले की मराठीत बोलतात, का ते कळत नाही.

आता कायद्याकडे येतो. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून त्याची फी 600 ची 5,000 झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या गाडीला ती 10,000 केली. दुसऱ्या टोकाला, 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचा नियम केला. 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, ती प्रदर्शनात आणि रॅलीत मिरवता येते. म्हणजे 15 वर्षांची गाडी म्हातारी, 50 वर्षांची गाडी वारसा. मधल्या 35 वर्षांत ती कोण आहे? वारसा होण्याआधी प्रत्येक गाडीला ही 35 वर्षे काढावी लागतात, आणि ती काढायला कोणीतरी तिची मरामत करावी लागते. राजेरजवाड्यांच्या गाड्यांना गॅरेज होते आणि नोकर होते. मारुती 800 ला चाचा आहेत.

ऑगस्ट 2021 मध्ये वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. त्यामागचे मंत्री नितीन गडकरी आमच्याच शहराचे खासदार. या धोरणाला माझा सरसकट विरोध नाही. माझ्या गाडीचा धूर आजच्या बीएस-6 गाडीच्या धुराशी स्पर्धा करू शकत नाही, हे मान्य. मी ती वर्षाला तीन हजार किलोमीटरही चालवत नाही, पण सगळेच असे नसतात. तपासणीत नापास झालेली गाडी मोडावी, हे तत्त्व मला पटते, कारण त्यात गाडीची अवस्था बघितली जाते. वय बघून शिक्षा देणे पटत नाही. दिल्लीत जुलै 2025 मध्ये वयाच्या नियमाने जुन्या गाड्यांना पेट्रोल नाकारायला सुरुवात झाली आणि काही दिवसांत ती थांबवावी लागली. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे, म्हणून ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी काळ्या-पिवळ्या गाडीवर मृत्युलेख लिहिले. त्या गाड्या इतकी वर्षे ज्यांनी चालू ठेवल्या त्या मिस्त्रींपैकी एकाचेही नाव मला त्यांत दिसले नाही.

नव्या गाड्यांबाबत अडचण वेगळी आहे. त्यात बिघाड कॉम्प्युटर सांगतो, आणि तो कॉम्प्युटर कंपनीच्या ताब्यात. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो यासाठीच. बाहेरच्या मिस्त्रीला सुटे भाग आणि निदानाची साधने मिळू न देणे ही मक्तेदारी आहे, असे आयोगाचे म्हणणे होते. प्रकरण अपिलात गेले. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही काढले, त्यात वाहने आहेत. चाचांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "अच्छी बात है," आणि वाकून पुन्हा कामाला लागले. त्यांच्या शागिर्दाने मात्र स्वतःच्या पैशाने एक स्कॅनर घेतला आहे, आणि शेजारच्या ई-रिक्षावाल्यांच्या बॅटऱ्याही तो बघतो.

हा शागिर्द एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्यामुळे आता मला आपल्या लोकांशी बोलायचे आहे.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम कामगार कोणकोणत्या धंद्यांत जास्त आहेत ते दाखवले. त्यात वाहनदुरुस्ती होती. आपल्याला ते सांगायला समितीची गरज नव्हती. प्रत्येकाच्या खानदानात एक तरी मामू किंवा खालूचा मुलगा गॅरेजात असतो. जुम्याच्या बयानात आपण ऐकतो की अल्लाहने हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्या हातात लोखंड मऊ केले आणि ते चिलखते बनवून स्वतःच्या कमाईचे खायचे. रसूलुल्लाह स्वतःची चप्पल स्वतः सांधायचे, कपडे शिवायचे, हेही ऐकतो आणि सुब्हानल्लाह म्हणतो. मग दोन दिवसांनी रिश्त्याची बोलणी निघतात. "लडका क्या करता है?" "जी... गॅरेज में है." त्या दोन टिंबांच्या जागी आवाज खाली जातो. तोच मुलगा त्याच कामासाठी दुबईला गेला असता तर आवाज वर गेला असता. ही लाज आपण हिंदू शेजाऱ्यांकडून घेतली की त्यांनी आपल्याकडून, यावर मी वेळ घालवणार नाही. दोन्हीकडे ती सारखीच आहे.

पण याच्या उलट टोकाला जाणारेही आहेत, आणि त्यांची मला जास्त भीती वाटते. हुन्नर मोठा, शिक्षणाने काय होते, डिग्रीवाले फिरतात बेकार, असे म्हणून आठवीतल्या पोराला ईदनंतर गॅरेजात पाठवणारे बाप. माझ्या वर्गातल्या हजेरीपटावर अशा रिकाम्या चौकटी दरवर्षी दिसतात. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावणे गुन्हा आहे. ते बाजूला ठेवले तरी, आठवी सोडलेल्या मुलाला आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळत नाही, तिथे दहावी लागते. म्हणजे ज्या कामासाठी त्याने शाळा सोडली, त्याच कामाचा कागद त्याला मिळत नाही. चाचांची स्तुती मी जितकी केली तितकीच मनापासून हेही लिहितो: चाचा सहावीत शाळेतून सुटले, यात अभिमानाची कुठलीही गोष्ट नाही. त्यांचा स्वतःचाही तसा दावा नाही. कर्जाच्या कागदावर कोणीतरी वाचून दाखवेल म्हणून आजही त्यांना थांबावे लागते.

म्हणून मुलाने गॅरेजकडे जाण्यापेक्षा गॅरेज शाळेत यावे असे मला वाटते. नवीन शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. त्या दिवसांत स्थानिक कारागिरांकडे शिकायचे. उदाहरणादाखल सुतार, माळी, कुंभार आणि कलाकार लिहिले आहेत. तिथे मोटर मिस्त्री बसवायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या उर्दू शाळांनी हे पहिल्यांदा करायला हवे, कारण मिस्त्री आपल्याकडे भिंतीला भिंत लावून राहतात. आणि सिव्हिल लाइन्सच्या इंग्रजी शाळांनी तर नक्कीच करावे. ज्या मुलाने एकदा स्वतःच्या हाताने चाक काढून बसवले आहे, तो मोठेपणी मिस्त्रीशी अरेतुरेत बोलताना थोडा तरी थांबेल.

मोठ्यांसाठी 2015 पासून कौशल्य योजनेत एक सोय आहे. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. शागिर्दाचा अर्ज आम्ही भरला आहे. चाचांनी स्वतःचा भरू दिला नाही. "चालीस साल से गाडी चल रही है, वही मेरा सर्टिफिकेट," म्हणाले. यावर आमचा वाद झाला आणि अजून मिटलेला नाही. माझे म्हणणे, कागद नसला की बँक ओळखत नाही, पालिका ओळखत नाही, शेड उद्या उठवली तर काय दाखवणार?

कागदाशिवाय त्यांचा धंदा चालतो तो भरवशावर. चावी देताना कोणी पावती मागत नाही. मार्च 2025 मध्ये महाल आणि हंसापुरीत दंगल झाली, गाड्या जाळल्या गेल्या, अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. शेडमध्ये तेव्हा लोकांच्या सात गाड्या उभ्या होत्या, त्यातल्या पाच महालमधल्या. संचारबंदीत चाचांना त्या गाड्यांचीच चिंता. शटर नाही, नुसती ताडपत्री. मुभा मिळाली त्या दिवशी पहिला माणूस आला तो महालातला जोशी आडनावाचा ग्राहक. तो गाडी न्यायला आला असेल असे मला वाटले. त्याने टिफिन ठेवला, क्लचचे काम झाले का विचारले, नाही कळल्यावर "सावकाश करा चाचा" म्हणून चालत परत गेला. यावरून शहर ठीक आहे असे कोणी म्हणू नये. बाकीच्या चारपैकी दोघांनी गाड्या नेल्या, त्या परत आल्या नाहीत.

सध्या मी एक वही करतो आहे. चाचा जे सांगतात ते मराठीत उतरवायचे, त्यांचे शब्द तसेच ठेवायचे, समोरच्या पानावर उर्दूत. आकृत्या शागिर्द काढतो, त्याचा हात चांगला आहे. रेडिएटर, ब्रेक, क्लच आणि कार्बोरेटर झाले. पुढचे प्रकरण वायरिंगचे, आणि तिथे गाडी अडली आहे, कारण वायरिंग चाचांनाही फारसे आवडत नाही. त्यासाठी घाट रोडवरचा एक इलेक्ट्रिशियन त्यांनी सुचवला आहे. तो फक्त रविवारी दुपारी मोकळा असतो, आणि बोलताना हातातले काम थांबवत नाही.